वाचकांचे प्रश्न : धुई, दहिवर आणि कडाक्याची थंडी

डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा हंगामी अंदाज हवामान विभागाने जाहीर केला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतली पावसाची चौकशी थांबते आणि थंडीची सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. निफाडच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली शंका बहुतेक प्रत्येक पत्रात कोठे ना कोठे आहे : वेधशाळेचा आकडा आणि आपल्या अंगणातला गारठा यांचा मेळ का बसत नाही?

प्रश्न : निफाड तालुक्यात गोदाकाठच्या सखल जमिनीत माझी चार एकर द्राक्षबाग आहे. हंगामी अंदाजात थंडीच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा अधिक राहतील, असे सांगितले जाते तेव्हा ते दिवस कोणत्या तारखांना येणार, हे आम्ही कसे ओळखावे? दुसरे असे, की मागे एकदा वर्तमानपत्रात किमान तापमान ५ अंश छापले होते आणि त्याच पहाटे माझ्या बागेत पानांवर बर्फाची साय धरली होती. पाच अंशांवर पाणी गोठते काय?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर समजले की पहिल्याचेही निम्मे उत्तर हाती येते. पाणी शून्य अंशालाच गोठते, परंतु वर्तमानपत्रात छापलेला आकडा आपल्या पानाचा नसतो. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो, आणि ही पेटी त्याला वरच्या मोकळ्या आकाशापासून आडोसा देते. द्राक्षाच्या पानाला असा आडोसा नसतो. निरभ्र रात्री ते आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहते, वारा पडलेला असेल तर आजूबाजूची हवा त्याला पुन्हा ऊब देऊ शकत नाही, आणि पहाटेपर्यंत पान भोवतालच्या हवेहूनही काही अंशांनी थंड होते. पेटीत ५ अंश असताना उघड्या पानावर किंवा गवतावर शून्य अंश असणे मुळीच अशक्य नाही. अशा वेळी पानावर जमलेले दव गोठते किंवा हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फकण होऊन बसते, आणि आपले आजोबा ज्याला दहिवर म्हणत असत ते सकाळी दिसते.

जमिनीलगतच्या या थंडीचा महत्त्वाचा अभ्यास पुण्यातच झाला आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक असे म्हटले जाते. तेथे कृषी हवामानशास्त्राचे काम उभे करणारे एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह असे दाखवून दिले, की शांत व निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा प्रत्यक्ष जमिनीला चिकटलेली नसते, तर जमिनीपासून काही वीत उंचीवर असते. पाठ्यपुस्तकी समजुतीशी हे जुळत नसल्यामुळे अनेकांना त्या नोंदी चुकीच्या वाटल्या, परंतु पुढे इतर ठिकाणच्या मोजमापांतही तोच प्रकार आढळला आणि आज तो थर रामदास यांच्याच नावाने ओळखला जातो. लहान रोपे आणि भाजीपाला नेमक्या याच उंचीवर वाढतो, म्हणून ही माहिती केवळ अभ्यासकांच्या कामाची नाही.

यात आपल्या जमिनीच्या सखलपणाची भर पडते. थंड हवा जड असते आणि ती रात्रभर उतारावरून पाण्यासारखी खाली सरकत खोलगट भागात साचते. महाबळेश्वरला हे दरवर्षी दिसते. तेथील वेधशाळा उंच कड्याजवळ आहे आणि तिच्या नोंदीत तापमान सात-आठ अंश असते त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या काठावर, लिंगमळा परिसरात, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण पडलेले असतात. दोन्ही बातम्या खऱ्या असतात, कारण कडा आणि तळ्याचा खोलगा या दोन वेगळ्या जागा आहेत. निफाडमध्येही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आणि आपल्या नदीकाठच्या बागेतला आकडा यांत दोन-तीन अंशांचा फरक पडत असेल, तर त्यात कोणाची चूक नाही.

आता तारखांविषयी. हंगामी अंदाज तारखा सांगत नाही आणि तो सांगू शकणारही नाही. मागील अनेक वर्षांच्या नोंदींचे कमी, सरासरी आणि जास्त असे तीन समान भाग पाडले, तर येणारा हंगाम त्यांपैकी कोणत्या भागात बसण्याची शक्यता अधिक, एवढेच त्यात असते. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातले पाणी नेहमीपेक्षा गार आहे की उष्ण, यासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर तो आधारलेला असतो. थंडीची लाट मात्र भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या एखाद्या पश्चिमी झंझावातावर अवलंबून असते. तो हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून खानदेश-नाशिकपर्यंत उतरतात. असा झंझावात आठवडाभर आधी जेमतेम दिसू लागतो. म्हणून हंगामी अंदाजावरून फक्त तयारी करावी, म्हणजे इंधन, पाण्याची पाळी आणि मजूर यांचा हिशेब मनाशी ठेवावा. दर गुरुवारी निघणाऱ्या पुढील चार आठवड्यांच्या विस्तारित अंदाजावरून सावध व्हावे, आणि प्रत्यक्ष रात्र जागायची की नाही हे मात्र दोन-तीन दिवस आधीच्या जिल्हानिहाय अंदाजावरूनच ठरवावे.

त्याही पुढे जाऊन एक गोष्ट कराच. बागेच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर, एक साधा किमान तापमापक टांगा आणि पंधरा-वीस दिवस रोज सकाळी त्याचा आकडा व वेधशाळेचा आकडा शेजारी-शेजारी लिहून ठेवा. आकाश निरभ्र होते की ढगाळ आणि वारा होता की नव्हता, एवढी नोंद त्याला जोडा. निरभ्र आणि निवांत रात्री आपली बाग वेधशाळेपेक्षा किती अंश खाली जाते, हे एकदा कळले, की तेवढे अंश वजा करून प्रत्येक अंदाज आपल्या बागेचा अंदाज होतो.

शेकोट्यांबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो. ओला पालापाचोळा पेटवून बागेत धूर कोंडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण जमिनीतून निघून जाणारी उष्णता धुराचे बारीक कण फारशी अडवत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि त्या उबेमुळे वरखाली होणाऱ्या हवेचा. म्हणून एका जागी मोठा धूर करण्यापेक्षा बांधाने व ओळींच्या मध्ये लहान, कोरड्या इंधनाच्या अनेक शेकोट्या अधिक गुणकारी ठरतात, आणि त्या मध्यरात्रीनंतर, पारा सर्वांत खाली जाण्याच्या आधी पेटवाव्या लागतात. त्याहून स्वस्त उपाय पाण्याचा आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते, शिवाय विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते, त्यामुळे लाटेच्या दिवसांत संध्याकाळी किंवा पहाटे दिलेली हलकी पाळी मुळांना आणि बुंध्यालगतच्या हवेला आधार देते. जानेवारीत फुगवणीच्या किंवा साखर भरण्याच्या अवस्थेत असलेल्या बागेत गारठ्याने वाढ थबकते, मणी तडकतात, आणि हिरव्या वाणांत पिंक बेरीचा, म्हणजे मणी गुलाबी पडण्याचा, त्रास वाढतो. त्यावरची फवारणी आणि मात्रा मात्र मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच ठरवावी. हवामानाच्या सदरातून औषधे सुचवणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : नागपुरात ८ अंश तापमान असले तर कधी थंडीची लाट आल्याचे सांगतात आणि कधी सांगत नाहीत. शाळेतल्या मुलांना मी याचा नियम कसा समजावून सांगू? (एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : मुलांना असे सांगा, की नियमाला दोन दारे आहेत. पहिले दार सरासरीचे आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असले पाहिजे, आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार ते ६.४ अंशांनी खाली असले पाहिजे, तर ती थंडीची लाट होते. ही घट ६.४ अंशांपेक्षा अधिक असेल तर तिला तीव्र लाट म्हणतात. दुसरे दार थेट आकड्याचे आहे, म्हणजे सरासरी काहीही असो, मैदानी भागात पारा ४ अंशांवर आला तर लाट आणि २ अंशांवर आला तर तीव्र लाट. यामुळे सरासरी १३ अंश असलेल्या दिवशी ८ अंश ही लाट ठरते आणि सरासरी ११ अंश असेल तेव्हा तेच ८ अंश लाट ठरत नाहीत. शिवाय हवामान विभागाच्या एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती असावी लागते. डोंगराळ भागासाठी १० अंशांच्या जागी शून्य अंशाची अट आहे, आणि किनाऱ्यासाठी ती १५ अंशांची आहे, कारण समुद्रालगत पारा फार खाली जातच नाही.

मुलांना उदाहरणे हवी असतील तर त्यांच्याच शहराचे घ्या. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये एका पहाटे ७.४ अंशांपर्यंत पारा उतरला होता. नागपूरकराला हा दुसरा आकडा किरकोळ वाटेल, परंतु घरात लोकरीचे कपडेच नसलेल्या शहरावर त्या पहाटे काय गुदरले असेल, याचा विचार मुलांनी अवश्य करावा. सरासरीपासूनची घट मोजण्यामागे हेच तत्त्व आहे, की माणसे, गुरे आणि पिके ज्या हवेला सरावलेली असतात तिच्यापासून किती दूर फेकली गेली, त्यावर थंडीचा त्रास ठरतो.

प्रश्न : जानेवारीत आईवडिलांना घेऊन भुसावळहून रेल्वेने प्रयागराजला माघस्नानासाठी जाण्याचा विचार आहे. दोघांचेही वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. तिकडच्या धुक्यात गाड्या आठ-दहा तास उशिरा धावतात, असे ऐकतो. ते धुके आपल्याकडच्या धुईपेक्षा वेगळे असते काय, आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : जन्म एकाच रीतीने होतो, मुक्काम वेगळा असतो. आपल्याकडे नदीकाठी किंवा घाटात पडणारी धुई उन्हे वर आली की दहा वाजेपर्यंत विरते. पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानात मात्र तीच धुई शेकडो किलोमीटर पसरते आणि कधी कधी दिवसेंदिवस उठत नाही. पश्चिमी झंझावाताने शिंतोडे टाकून जमीन ओली केलेली असते, गव्हाला दिलेल्या पाण्यामुळे शेतातूनही वाफ मिळत राहते, वारा जवळजवळ नसतो, आणि थंड जड हवेवर उबदार हवेचे झाकण बसल्याने ओल, धूळ व धूर सर्व काही खालीच कोंडून राहते. धुराच्या कणांवर पाण्याचे थेंब अधिक सहज धरतात, म्हणून तेथील धुके दाटही असते आणि चिवटही. हे नेमके कसे घडते आणि त्याचा अंदाज कसा सुधारता येईल, यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर खास मोजमापांचा प्रयोग चालवला आहे.

अंदाज वाचताना शब्दांकडे लक्ष द्यावे. दृश्यमानता एक हजार मीटरच्या खाली गेली की धुके म्हणतात, दोनशे मीटरच्या खाली दाट धुके, आणि पन्नास मीटरच्या खाली अति दाट धुके. अति दाट धुक्यात इंजिनचालकाला पुढचा सिग्नल अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून इंजिनात उपग्रहाच्या आधारे पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे सांगणारे यंत्र बसवलेले असते, सिग्नलच्या अलीकडे रुळांवर इशाऱ्याचे फटाके लावण्याची जुनी पद्धतही चालू आहे, आणि तरीही वेग कमी ठेवावाच लागतो. हा उशीर सुरक्षिततेसाठी मोजलेला असतो, तो सहन केलाच पाहिजे. आपण एवढे करावे, की भुसावळला फलाटावर जाण्याआधी आपली गाडी सुटली काय, एवढेच नव्हे, तर तिचा डबेसंच उत्तरेकडून परत आला आहे काय, तेही पाहावे. परतीच्या गाडीला जोडून लगेच दुसरे तिकीट काढू नये, मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी. औषधे चार दिवसांची अधिक घ्यावीत.

आईवडिलांच्या दृष्टीने मला धुक्यापेक्षा अधिक चिंता वाटते ती दुपारच्या थंडीची. आपण किमान तापमान पाहून कपडे भरतो, कारण महाराष्ट्रात पहाट कितीही गार असली तरी दुपारी अंग शेकते. तिकडे धुके उठले नाही तर दुपारचे तापमानही १५ अंशांच्या आसपास अडकून राहते. कमाल तापमान सरासरीच्या साडेचार अंश किंवा त्याहून खाली गेले, तर त्याला शीत दिवस म्हणतात, आणि वृद्धांना असे सलग तीन-चार शीत दिवस एका थंड पहाटेपेक्षा जास्त बाधतात. म्हणून अंदाजात कमाल आणि किमान हे दोन्ही आकडे पाहावेत. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्या माणसाने पहाटेच्या काळोखात गार पाण्यात एकदम बुडी मारणे धोक्याचे आहे. दुपारी, ऊन असताना, आधी हातपाय ओले करून स्नान करावे, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना याबद्दल एकदा विचारावे. ज्या श्रद्धेने आपण त्यांना नेत आहात, तिच्यात दुपारच्या स्नानाने काही उणे येणार नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत सुरक्षित असेल, असा समज असतो. प्रत्यक्षात दव वाफ होऊ लागल्याने आणि हवा किंचित ढवळल्याने धुके त्याच वेळी अनेकदा आणखी दाट होते. तेव्हा तासभर उशिरा निघावे, दिवा डिपरवर ठेवावा, कारण वरचा झोत थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि थांबायचे झाल्यास रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत आयडाहो राज्यातील बॉईसी येथे असतो. तेथील हवामान खात्याने फ्रीझिंग फॉगचा इशारा दिल्याचे तो सांगतो. धुके गोठते म्हणजे नेमके काय होते? आपल्याकडे असे कधी होते काय?

उत्तर : धुके हवेत असताना सहसा गोठत नाही. पाण्याचा अगदी लहान आणि शुद्ध थेंब शून्याच्या पुष्कळ खाली गेला तरी द्रवच राहू शकतो, कारण बर्फाचा स्फटिक धरण्यासाठी त्याला काही आधार लागतो. अशा अतिशीत थेंबांचे धुके वाहत जाऊन तारेला, फांदीला, गाडीच्या काचेला किंवा रस्त्याला टेकले, की त्याच क्षणी ते बर्फ होते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पांढऱ्या पिसांसारखा थर वाढत जातो. दहिवर रात्रीच्या निरभ्र हवेत वाफेपासून धरते, हा थर मात्र धुक्याच्या थेंबांपासून बनतो, आणि दोन्ही दिसायला सारखे असले तरी हा फरक महत्त्वाचा आहे. बॉईसीचे खोरे डोंगरांनी वेढलेले असल्यामुळे तेथे थंड हवा अनेक दिवस अडकून राहते, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात या धुक्यासाठी तेथील मूळ रहिवाशांच्या शोशोनी भाषेतून आलेला पोगोनिप हा शब्दही आहे. मुलाला सांगा, की यात सर्वांत घातक असतो तो डांबरावरचा पारदर्शक पापुद्रा. तो ओल्या रस्त्यासारखा दिसतो, आणि पुलांवर तो सर्वांत आधी धरतो, कारण पुलाला खालूनही थंड हवा लागते.

भारतात अशी स्थिती काश्मीरच्या खोऱ्यात येऊ शकते. २१ डिसेंबरपासून तेथे चिल्लई कलान हा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरला उणे ८.५ अंशांची नोंद झाली होती. अशा थंडीत झेलमच्या काठी धुके उतरले, तर ते टेकेल तेथे गोठते. महाराष्ट्रात हवा सहसा शून्याखाली जात नसल्यामुळे असे धुके पडत नाही. महाबळेश्वरला किंवा निफाडला जे दिसते ते दहिवर किंवा गोठलेले दव असते.

प्रश्न : आम्ही चार जण शिक्षणासाठी भाड्याच्या एका खोलीत राहतो. रात्री कोळशाची शेगडी आत घेऊन दार-खिडक्या बंद केल्या तर चालेल काय? धूर निघत नाही, निखारेच असतात. (एक विद्यार्थी, अहिल्यानगर)

उत्तर : नाही. कृपा करून हे आज रात्रीपासूनच बंद करा. धूर नसलेले निखारेच अधिक फसवतात, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. रक्तातले हिमोग्लोबिन हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही, आणि उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीत दरवर्षी अशा बंद खोल्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी उठत नाहीत. शेगडीवर हात शेकायचे असतील ते दाराबाहेर शेका आणि झोपण्यापूर्वी ती पूर्ण विझवून बाहेरच ठेवा. खोलीत ऊब हवी असेल तर दुपारी खिडक्या उघडून ऊन आत घ्या आणि चारच्या सुमारास त्या लावा, फरशीवर चटई आणि तिच्यावर घोंगडी अंथरा, कारण अंगातली बरीच ऊब खालच्या थंड फरशीत जाते, आणि एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ पांघरुणे घ्या, म्हणजे त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवील. खोलीत शेगडी असताना कोणाला डोके दुखणे, मळमळ किंवा गुंगी जाणवली, तर चौघांनीही ताबडतोब उघड्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.